एकाच जागचे तुकडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. देवापुढेही नाही — तिथे उभा राहिलो की मुलीचं लग्न, माझे गुडघे, असं काहीबाही मागत बसतो आणि हे तेवढं राहून जातं. राहून जातं म्हणजे काय, मीच राहू देतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं.

मी हृदयाचा डॉक्टर आहे. मूळचा नाशिकचा, पण निम्म्याहून जास्त आयुष्य चेन्नईत गेलं. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी इथल्या एका मोठ्या रुग्णालयात होतो, आणि — ही फुशारकी नाही, पुढचं कळायला हवं म्हणून सांगतो — माझा हात चांगला होता. मानेच्या नाहीतर मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, पेसमेकरची तार नेमकी जागी टेकवायची, ही कामं मी सफाईनं करायचो. आमचे मोठे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, राउंडवर एखाद्या पेशंटपाशी अडले की त्यांची मान माझ्याकडे वळायची. तुला काय वाटतं, असं ते विचारायचे. मला विचारायचे, बाकीच्यांना नाही.

मग जयंती आली.

डॉ. जयंती राव. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, तंजावरकडच्या मराठी घरातली. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत होते, पण ती मराठी कशी — आपल्या पणजीच्या तोंडची, आणि तिला वरून तमिळचा हेल. ‘येत्यें’, ‘जात्यें’, ‘काय म्हणून’. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत तिनं मला विचारलं, की इथे आपली भाषा बोलणारे तुम्ही एकटेच आहात, तर मी तुम्हाला अण्णा म्हटलं तर चालेल का. मी हो म्हणालो. चारचौघांत सर आणि एरवी अण्णा, असं ठरून गेलं. सणावाराला ती घरी यायची, येताना उडदाच्या पिठाचं डांगर घेऊन यायची. माझ्या मुलीला मराठीपेक्षा तमिळ सोपं जायचं. ती जयंतीला सोडायचीच नाही. मलाही जयंती आवडायची. हे खोटं नाही.

मग बिघडलं कधी? मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. भांडण नाही, अपमान नाही, काही नाही. एकदा राउंडवर सर एका पेशंटपाशी थांबले आणि त्यांची मान वळली — माझ्यावरून पुढे गेली आणि जयंतीवर थांबली. बस्, एवढंच. तिनं उत्तर दिलं, ते बरोबर निघालं. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. मग मला विचारायचं सरांना आठवेनासंच झालं. जेवणाच्या सुट्टीत एकदा ते मलाच म्हणाले, की ही मुलगी बघते, आपण सगळे नुसते करतो. मी हसलो. हसून ताटातला भात चिवडत बसलो. त्या दिवशी घरी आल्यावर बायको म्हणाली, जयंती किती हुशार आहे नाही? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोटात दुखणं म्हणतात ना, ते खरोखर पोटात असतं. डॉक्टर असून मला ते तोवर माहीत नव्हतं.

मी काय करायचो? मोठं काही नाही. मराठी पेशंट आला की त्याच्यासमोर तिच्या बोलण्याची नक्कल करायचो. ‘डॉक्टरीणबाई आत्तां येत्यें’ असं. पेशंट हसायचे. तीही हसायची. तिला वाटायचं, अण्णा चिडवतायत.

आता कोल्ह्यांचं सांगायला हवं.

दिगंबर कोल्हे चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात होते. भुसावळकडचे, बदली होऊन आलेले, तिथल्याच सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचे. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं काटक. कामावर चक्कर येऊन पडले, म्हणून बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. मंगलाबाईंना तमिळ येत नव्हतं. मी मराठीत ‘बसा’ म्हणालो आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘आपले डॉक्टर आहेत हो,’ त्या नवऱ्याला म्हणाल्या. हे ‘आपले’ मला त्या काळात किती गोड लागलं, काय सांगू.

कोल्ह्यांची नाडी फार मंद होती. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विजेचा इशारा जाण्याची एक वाट असते; ती पार बंद पडली होती. मी दुसऱ्याच दिवशी पेसमेकर बसवला. नाडी सुधारली, चक्कर गेली, मंगलाबाईंनी मला हात जोडले. माझ्या लेखी काम संपलं होतं.

जयंतीच्या लेखी ते सुरू झालं होतं. तिनं मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. ‘अण्णा, म्हाताऱ्या माणसाची वाट बंद पडते ते समजलं. या माणसाची काय म्हणून पडली?’

काय म्हणून! मला हा प्रश्न पडला नव्हता. पडायला हवा होता.

ती कोल्ह्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसांच्या मुळाशी गाठी होत्या. आधीच्या एका दवाखान्यात त्या क्षयाच्या ठरवून गोळ्या सुरू केल्या होत्या. आपल्याकडे छातीत गाठी दिसल्या की तोंडात पहिला शब्द क्षयाचाच येतो, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. पण कित्येक महिने गोळ्या खाऊनही या गाठी होत्या तशाच होत्या. हृदयाच्या दोन बाजूंमधला मांसल पडदा वरच्या भागात पातळ झालेला तिला सोनोग्राफीत दिसला. मधूनच भलतेच ठोके पडत होते. हृदयाच्या रक्तवाहिन्या मात्र स्वच्छ. तिनं सरांसमोर नाव घेतलं — सारकॉइडोसिस. शरीराची स्वतःची फौज विनाकारण स्वतःच्याच घरात ठाणी देऊन बसते, सूज आणते. फुप्फुसात, गाठींत, आणि कधीकधी थेट हृदयाच्या स्नायूत. वेळीच ओळखलं तर स्टेरॉइडनं सूज ओसरते. नाही ओळखलं, तर एखाद्या दिवशी हृदय अचानक भलत्या वेगानं धावत सुटतं आणि माणूस जागच्या जागी जातो. पेसमेकर मंद हृदयाला हाकतो, धावत सुटलेल्याला आवरत नाही. त्याला झटका देऊन थांबवणारं दुसरं यंत्र लागतं.

सरांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. गाठी क्षयाच्याच असल्या आणि आपण स्टेरॉइड दिलं, तर आगीत तेल. पुरावा हवा. एमआरआय काढता आला असता, पण त्या काळी पेसमेकर असलेल्या माणसाला त्या यंत्रात घालत नसत, आणि पेसमेकर तर मी घाईघाईनं बसवून मोकळा झालो होतो. छातीतल्या गाठी खोलवर होत्या, सर्जन नाखूश होते. म्हणजे उरली हृदयाच्या स्नायूची बायोप्सी. नळीतून बारीक चिमटा आत न्यायचा आणि पडद्याचे कणभर तुकडे तोडून आणायचे. ते कोण करणार? माझा हात चांगला होता ना.

मंगलाबाई मला भेटल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. म्हणाल्या, तुम्ही यंत्र बसवलंत ते बरं झालं डॉक्टरसाहेब, पण मॅडम म्हणाल्या, मी कारण शोधून काढते. मॅडम रोज बसतात हो यांच्यापाशी. त्याच मंगलाबाई, ज्या पहिल्या दिवशी जयंतीचं मराठी ऐकून तोंडाला पदर लावून हसल्या होत्या! आता त्यांचं ‘आपलं’ तिच्याकडे गेलं होतं. सरांची मान गेली, ते एकवेळ मी गिळलं असतं. पण हेही तिचंच?

इथे मी थांबतो. दरवेळी मनातल्या मनात सांगताना मी इथेच थांबतो आणि चहा करायला उठतो.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. या आजारात ती होत नाही. तो सगळ्या स्नायूत सारखा पसरत नाही. ठिकठिकाणी डाग असतात, मधला भाग धडधाकट. तांदळातल्या खड्यांसारखं आहे. एक मूठ घेतली, खडा निघाला नाही, म्हणून तांदूळ निवडलेले होते असं कुणी म्हणेल का? म्हणून तुकडे बरेच घ्यायचे आणि वेगवेगळ्या जागांचे घ्यायचे, हे मला माहीत होतं. जयंतीनं आदल्या दिवशी पुन्हा सांगितलं, अण्णा, जमेल तितकं वरतून घ्या, डाग असतील तर तिथे आहेत. वरचा भाग पातळ असतो, तिथे जपून काम करावं लागतं. पण मला ते येत होतं. त्या रुग्णालयात कुणाला येत असेल तर मलाच येत होतं.

कोल्हे टेबलावर जागे होते. मान बधिर केलेली. माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही आहात तर काळजी नाही. मी नळी आत नेली. समोरच्या मॉनिटरवर चिमटा दिसत होता. मी तो खाली नेला, पडद्याच्या खालच्या जाड भागात, जिथे काही मिळण्याची आशा सगळ्यात कमी होती, आणि एक तुकडा घेतला. मग दुसरा, त्याच जागचा. तिसरा, तोही तिथलाच. चिमटा वर वळवायला मनगट किंचित फिरवावं लागतं. मी ते फिरवलं नाही.

नळी आत असताना चार-दोन भलते ठोके पडतात. नेहमीच पडतात. त्या दिवशीही पडले, आणि मी लगेच म्हणालो, बास, धोका नको. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनं तुकडे ठेवलेल्या बाटलीकडे पाहिलं. तिनं माझ्या हाताखाली अशा पुष्कळ बायोप्सी पाहिल्या होत्या.

‘अव्वळवुदाना, सार?’ एवढंच का, असं तिनं विचारलं.

‘पोदुम,’ मी म्हणालो. पुरे.

मी घाबरलो होतो का? नाही. दमलो होतो? नाही. कोल्ह्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत होतं का? नाही — शपथेवर सांगतो, त्या वेळी कोल्हे माझ्या मनातच नव्हते. आणि यातलं सगळ्यात वाईट हेच असेल. त्या टेबलावर माझ्यासाठी जयंती होती. तिचं एकदा, फक्त एकदा, चुकायला हवं होतं. सरांनी मान हलवून ‘नाही गं, तसं काही नव्हतं’ असं म्हणायला हवं होतं, आणि ते मला तिथे बसून ऐकायचं होतं.

बायोप्सी स्वच्छ आली.

शनिवारच्या बैठकीत, जिथे आम्ही सगळे आठवड्याच्या अवघड केसेस मांडायचो, सरांनी अगदी मला हवं होतं तसं म्हटलं. जयंतीनं तरी सांगून पाहिलं, की स्वच्छ बायोप्सीनं हा आजार नाही असं ठरत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, अण्णा दुजोरा देतील. हे मला पाठ होतं, हे तिलाही माहीत होतं. मी म्हणालो, प्रत्येक सावलीत भूत बघायला लागलो तर काम कसं चालायचं? सगळे हसले. ती खाली बसली. सर माझ्याकडे वळून म्हणाले, तू सांग, पुढे काय करू या? मी म्हणालो, क्षयाच्या गोळ्या पुऱ्या करू, बघत राहू. त्या दुपारी मी पोटभर जेवलो. खोटं कशाला बोलू?

गाठींची बायोप्सी करू या असं ती नंतर एकदा म्हणाली. मग म्हणाली नाही. कोल्ह्यांना घरी सोडलं.

दिवाळीच्या आधी कोल्हे बायकोला घेऊन साडी घ्यायला टी. नगरला गेले. दुकानाच्या पायऱ्या उतरताना, हातात पिशवी, ते काही तरी बोलत होते आणि वाक्य पुरं न करताच कोसळले. गर्दीतून ऑटो निघायलाच वेळ लागला. आमच्याकडे आणलं तेव्हा काही उरलं नव्हतं. पेसमेकर मात्र आपलं काम इमानेइतबारे करत होता.

जयंतीनं मंगलाबाईंना विचारलं, हृदय तपासायची परवानगी द्याल का. दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती. मंगलाबाई म्हणाल्या, मॅडम, तुम्ही म्हणताय तर बघा. निदान कळू दे, हे कशानं गेले.

तपासणीच्या वेळी जयंती आणि मी तिथे होतो. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी हृदयातला तो पडदा उघडून दाखवला. वरच्या भागात फिकट पांढरे डाग, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं त्यानं शंका उरली नाही. ती बरोबर होती. आणि मला काय वाटलं, सांगू? माणूस गेला, त्याचं हृदय समोर ठेवलेलं, आणि माझ्या मनात आलेला पहिला विचार होता — पुन्हा हीच बरोबर. आधी मत्सर आला. भीती त्याच्या मागून आली.

भीती आली ती त्या डॉक्टरांच्या बोटामुळे. त्यांनी खालच्या जाड भागाकडे बोट दाखवलं. तिथे एक लहानसा व्रण होता, भरून आलेला. ही बायोप्सीची जागा दिसते, ते म्हणाले. मग जरा वाकून बघत म्हणाले, सगळे तुकडे इथलेच घेतलेत का? जयंती माझ्या शेजारी उभी होती. मी म्हणालो, नळी वर चढतच नव्हती, फार प्रयत्न केला, ठोके बिघडायला लागले. हे मी इतक्या सहज म्हणालो, की मलाच ते खरं वाटलं. त्यांनी मान डोलावली. जयंतीनंही डोलावली. माझ्या हाताविषयी तिला कधी शंका आली नाही.

पुढे मी बदललो. बदललो म्हणजे बायोप्सीच्या बाबतीत. भरपूर तुकडे, वेगवेगळ्या जागांचे, वरचे तर हवेतच — मी सगळ्यांना हे शिकवत राहिलो. माझ्या हाताखाली शिकून गेलेली मुलं याला माझी पद्धत म्हणतात. व्यासपीठावर शाल घालताना कुणी तरी हमखास त्याचा उल्लेख करतं. मी शाल घेतो.

मंगलाबाईंना कारखान्यात नोकरी मिळाली. त्या भुसावळला परत गेल्या नाहीत. एकदा भेटायला आल्या होत्या, म्हणाल्या, तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत. मी त्यांना पाणी दिलं.

पण मला जे सांगायचं होतं ते अजून यातही नाही. ते त्या तपासणीनंतरचं आहे. मी जिन्यापाशी उभा होतो. जयंती आली. ती रडत नव्हती, चेहरा मात्र ओळखू येत नव्हता. मग म्हणाली, ‘अण्णा, बायोप्सी स्वच्छ आली तरी काही ठरत नाही, मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसल्यें. सगळे हसले म्हणून गप्प बसल्यें. तो माणूस माझ्यामुळे गेला.’

जिना रिकामा होता. आम्ही दोघंच. एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते माझ्या तोंडात तयारही होतं.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, ‘चुका सगळ्यांच्या हातून होतात, जयंती. मी कुणाला काही बोलणार नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.’

तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. वर्षभरातच पेशंट बघणं सोडून ती कोइमतूरच्या एका कॉलेजात शिकवायला गेली. अजून तिथेच आहे. दिवाळीला तिचा फोन येतो, आणि मी तो घेतो.